पी.टी. बाईंची क्रियापदं

पी.टी. बाई कुणालाही नावानं हाक मारत नसत. त्यांना नावं लागतच नसत. "उठ", "पळ", "वाक", "सोड" एवढ्यावर त्यांचं सगळं भागायचं. मैदानभर मुली पसरलेल्या असायच्या, बाई मध्ये उभ्या राहून नुसतं "वाक" म्हणायच्या आणि जिनं वाकायला हवं तीच मुलगी वाकायची. हे आपल्यासाठी नव्हतं, हे बाकीच्यांना बरोबर कळायचं. कोण, कुठे, कशाला हे सगळं बाईंच्या डोळ्यांत आणि हनुवटीत असे. तोंडातून वाक्याचं फक्त शेवटचं टोक बाहेर पडे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटची आमची मुलींची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे कवायत हिंदीत. सावधान, विश्राम, पीछे मुड़. मैदानाबाहेर आम्हा मराठी घरांतल्या पोरींशी बाई त्यांच्या तुमसरकडच्या बोलीत बोलत. भाषा कुठलीही असो, क्रियापदाच्या आधीचे शब्द त्या खर्च करत नसत. घरी गेल्यावर आई विचारायची, "काय म्हनत होत्या तुह्या बाई?"

"पळ म्हने."

"कुठं पळ?"

"ते नाही सांगतलं."

आईला वाटायचं, मी काहीतरी लपवते आहे.

बाई बुटक्या, काटक, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. गळ्यात शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं. एकदा एका आगाऊ मुलीनं, "बाई, तुमी लगन काहून नाही केलं?" असं विचारलं. आम्ही सगळ्या जमिनीकडे बघायला लागलो. बाई म्हणाल्या, "राह्यलं." आणि त्या मुलीला, "पळ."

खो-खो हा त्यांचा जीव की प्राण. आम्हाला त्या ओळीत उकिडवं बसवून ठेवायच्या आणि बसायचं कसं यावरच अर्धा तास घालवायच्या. टाच उचललेली, एक हात जमिनीवर, वजन पुढे. पाठीवर थाप आणि "खो" एकदम पडलं की सुटायचं. थाप मारणारी तुमच्या जागी बसणार, तुम्ही पळणार. बाईंचं म्हणणं असं, "खो भेटल्यावर विचार करशील तं मेली. पाय आधी तयार पाह्यजे, कान मंग." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. कटंगीच्या सामन्यात माझ्या पाठीला मैत्रिणीचा नुसता हात लागला, खो म्हटलंच नव्हतं, आणि मी सुटले. फाउल. सामना गेला. परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. बालाघाटच्या स्टँडवर उतरल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झोप." मी ते रागावणं समजले. दुसऱ्या दिवशी कळलं की खरंच झोप म्हणत होत्या, माझे डोळे तारवटले होते म्हणे.

हट्ट्याची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, बघायला शाळेची सहल गेली, तेव्हा इतिहासाच्या मॅडम कुणी बांधली, कधी बांधली हे सांगत होत्या. बाई पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या. मॅडमचं संपायच्या आत म्हणाल्या, "उतर." आम्ही उतरलो. "चढ." चढलो. पुन्हा "उतर." मॅडम चिडून बाजूला जाऊन बसल्या. शेवटी धापा टाकत वर आलो, तर बाईंनी पदराखालून पेरूंची पिशवी काढली आणि एकेकीच्या हातावर पेरू ठेवत गेल्या. "खा. खा. खा." त्या बावडीचा इतिहास मला आजही येत नाही.

पुढे मी फार्मसी केली, लग्न करून याच गावात राहिले आणि औषधाचं दुकान टाकलं. बाई निवृत्त झाल्या आणि आमच्याच गल्लीत एक लहान घर घेऊन राहू लागल्या. समोर अंगण, अंगणात एक पेरूचं झाड, दाराशी लोखंडी खुर्ची. रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडून न्यायच्या. काउंटरपुढे येऊन "दे" म्हणायच्या, मी द्यायची. एकदा बरेच दिवस आल्या नाहीत म्हणून मीच घरी गेले.

"बाई, गोळ्या संपल्या असतील."

"सोडल्या."

"काहून?"

"बरं वाटते."

औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला हे वाक्य किती वेळा ऐकावं लागतं याची गणती नाही. बरं वाटतं ते गोळीमुळे, हे मी हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं, ओरडूनही सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जा."

त्यानंतर काही महिन्यांनी शेजारच्या लिल्हारेकाकूंना बाई सकाळी अंगणात पडलेल्या दिसल्या. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला. गोंदियाच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना काही बोलता येत नव्हतं. पंधरवड्यानं आवाज फुटला. मी ताट घेऊन गेले होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि स्वच्छ म्हणाल्या, "कल्पना."

शाळेपासून त्या दिवसापर्यंत बाईंनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. त्यांना माझं नाव माहीत असेल असंही मी धरून चालले नव्हते.

मग हळूहळू शब्द आले. चहा. चष्मा. गेट. कुत्रा. पेरू. शिट्टी. सगळी नावं. उठ नाही, बस नाही, दे नाही, जा नाही. आयुष्यभर ज्या बाईंच्या तोंडात दुसरं काही नव्हतं, त्यांच्याकडे आता नेमकं तेवढंच नव्हतं. पाणी हवं असलं की "पेला" म्हणायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या. बाकीचं मी ओळखायचं.

गल्लीतल्या सगळ्यांचं मत पडलं की फक्त बोलणं गेलं आहे, समजतं सगळं. लिल्हारेकाकू दारातून ओरडायच्या, "बाई, खाना खा लिया?" बाई म्हणायच्या, "हौ." काकू मला येऊन सांगायच्या, "दीदी, सब समझती हैं." दूधवाला म्हणायचा, समजते. दवाखान्यातला एक मदतनीस म्हणाला, समजते, जोरानं बोला. जोरानं बोलायला बाई बहिऱ्या नव्हत्या. या "समजते"नं मला जितका ताप दिला तितका त्या आजारानंही दिला नाही.

कारण मी रोज बघत होते. "बाई, खिडकी लावू का?" हौ. "बाई, खिडकी उघडू का?" हौ. "जेवण झालं?" हौ. ताट झाकलेलं तसंच असायचं.

गोंदियाला त्याच दवाखान्यात आठवड्यातून एकदा एक स्पीच थेरपिस्ट बसत असे. मूळची अमरावतीची, तरुण, पुस्तकी मराठी बोलणारी. मी दुकान बंद ठेवून बाईंना गाडीत घालून राजेगाववरून न्यायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "घरी कोणती भाषा बोलतात?"

"तोंडाला येईल ती."

"म्हणजे?"

"अर्धी मराठी, अर्धी हिंदी. पुस्तकातलं मराठी मात्र नाही. तुम्ही बोलता ते आमच्याकडे फक्त लग्नपत्रिकेत असतं."

ती हसली आणि त्यानंतर बाईंशी जमेल तसं आमच्यासारखं बोलू लागली. एवढ्यावरून मला ती आवडली.

तिनं टेबलावर चित्रं मांडली. मुलगी आंबा खाते आहे, असं म्हटलं की बाई बरोबर त्या चित्रावर बोट ठेवायच्या. मग तिनं दोन चित्रं ठेवली. एकात मुलगी मुलाला ढकलते आहे, दुसऱ्यात ओढते आहे. "मुलगी मुलाले ढकलून राह्यली." बाईंचं बोट दोन्ही चित्रांवर फिरलं आणि ओढण्यावर थांबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा ओढणं. मग मुलगा ढकलतोय आणि मुलगी पडतेय असं चित्र ठेवलं, तर कोण कुणाला हेही सुटलं. मला बघवेना. ढकल, ओढ, धर, सोड हे शब्द मी ज्यांच्याकडून शिकले, त्या बाई त्या शब्दांकडे परक्या गावच्या माणसासारख्या बघत होत्या.

थेरपिस्टनं नंतर मला बाहेर बसवून समजावलं. म्हणाली, "आपण वाक्य ऐकतो तेव्हा मेंदू शेवटपर्यंत थांबत नाही. 'मुलीनं चेंडू' इतकं कानावर पडलं की फेकला, झेलला, उचलला, हे तो आधीच तयार ठेवतो. शेवटी क्रियापद आलं की त्यातलं एक धरतो, बाकीची सोडतो. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून ही तयारी जास्तच. आणि क्रियापद एकटं येत नाही. ढकलणं म्हटलं की कुणी, कुणाला, हे सगळं जागेवर बसवावं लागतं. आंबा म्हणजे आंबा, त्याला काही बसवावं लागत नाही. यांच्याकडे ती तयारीही लंगडी झाली आहे आणि शेवटचा शब्द धरायला फार वेळ लागतो. तोवर तुमचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं."

मला एकदम टाच उचलून बसलेल्या मुलींची ओळ दिसली. खो पडतो आहे आणि कुणी उठत नाही.

"मग आंब्याचं कसं कळलं?"

"आंबा मुलीला खात नाही. नावं ऐकली की अंदाजानं जुळतं. घरातली बहुतेक वाक्यं अशीच असतात, हातात कप असतो आणि आपण चहा घ्या म्हणतो. म्हणून सगळ्यांना वाटतं, समजतं. शिवाय बाई तुमच्या चेहऱ्याकडे बघून ओळखतात. फार हुशारीनं ओळखतात. प्रश्न विचारताना चेहरा द्यायचा नाही."

तिनं चित्रांचा एक गठ्ठा दिला आणि रोज करून घ्यायला सांगितलं. मी रोज दुकान उघडायच्या आधी जायची. नुसती चित्रं दाखवून होईना, म्हणून मी स्टूल ढकलायची, ओढायची, उचलायची, आपटायची, आणि शब्द म्हणायची. एखाद्या दिवशी बाईंना चार शब्द बरोबर यायचे. मी खूश होऊन दुकानात जायची. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. ढकल म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघणार. मला रडू येत नाही, राग येतो. मी स्टूल आपटून निघून यायची, संध्याकाळी पुन्हा जायची. बाईही काही कमी नव्हत्या. एकदा डाव्या हातानं सगळी चित्रं अंगणात भिरकावली. मग कानावर बोट ठेवून म्हणाल्या, "कान. दार." थोडं थांबून, "कुलूप."

त्याहून नेमकं त्या थेरपिस्टलाही सांगता आलं नव्हतं.

मध्येच एक गंमत झाली. लिल्हारेकाकूंचा टीव्ही चालू होता, कुठली तरी परेड लागली होती. "सावधान" असा आवाज आला आणि खुर्चीत बसलेल्या बाईंचे पाय जुळले. काकू धावत आल्या. त्यांनी स्वतः "सावधान" म्हटलं. पाय जुळले. "विश्राम." पाय सुटले. काकूंनी मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि गल्लीभर दाखवला. मी थेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली, "ताई, ते समजणं नाही. वर्षानुवर्षांची सवय आहे, ती शब्दाचा अर्थ न लागताही चालते. त्यावर भिस्त ठेवू नका." मी काकूंना तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "डॉक्टर लोग तो ऐसा बोलते ही हैं." आणि तो व्हिडिओ त्यांनी नागपूरला रोहितला पाठवला.

रोहित हा बाईंचा पुतण्या. वाईट मुलगा नाही, उलट चांगलाच. नोकरी सांभाळून दर रविवारी नागपूरहून यायचा, आत्याची नखं कापायचा, बँकेची कामं करायचा. पण त्यालाही किती दिवस जमणार? त्याचं ठरलं की आत्याला नागपूरला न्यायचं, कायमचं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवसभर घरात एक बाई ठेवायची. इथलं घर बंद करायचं, पुढे भाड्यानं द्यायचं. सगळं सरळ होतं. मी फक्त विचारलं, "बाईंना विचारलंस?"

"विचारलं ना ताई. हौ म्हने."

"काय विचारलंस?"

"आत्या, तुले नागपूरले नेतो, चालते ना? हौ म्हने ती."

मी त्याला थेरपिस्टनं सांगितलेलं सगळं सांगितलं. आत्या कळलं, नागपूर कळलं, नेतो कळलं नाही. तू नागपूरला निघालास असं त्यांना वाटलं असेल. त्यानं मोबाइल काढून मला सावधान-विश्रामचा व्हिडिओ दाखवला. "पाह्या. सगळं समजते तिले."

माझं डोकं फिरलं. मी त्याला हाताला धरून बाईंपुढे नेलं आणि चेहरा कोरा ठेवून विचारलं, "बाई, तुमाले विहिरीत ढकलू काय?"

"हौ," बाई म्हणाल्या.

"पाह्यलं?"

रोहित हसायला लागला. "अहो ताई, मजाक करून राह्यली ती. आधीपासून तशीच आहे."

त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. मी पुढच्या आठवड्यात थेरपिस्टला विचारलं, या बाईंना राहायचं की जायचं हे विचारायचं तरी कसं. ती म्हणाली, "शब्दांनी विचारू नका. करून दाखवा. पूर्ण करून दाखवा, आणि मग त्यांच्यावर सोडा. आणि कुणीही तोंड दाखवू नका."

रविवारी मी रोहितला हे सांगितलं. तो कंटाळला होता, पण पोरगा न्यायाचा. म्हणाला, "ठीक आहे. पण ती गाडीत बसली तं मंग तुम्ही आडवं यायचं नाही."

"हौ," मी म्हटलं. आणि खरंच आडवी आले नसते.

मग आम्ही करून दाखवलं. बाई खुर्चीत बसून बघत होत्या. रोहितनं त्यांचे कपडे बॅगेत भरले. गोळ्यांचा डबा, चष्म्याचं घर, भिंतीवरची बुद्धाची तसबीर, खिळ्याला टांगलेली शिट्टी, सगळं त्यांच्यासमोर आत टाकलं. बॅग गाडीत ठेवली. बाईंना हात धरून गाडीत बसवलं. मी घराला कुलूप लावलं, ते त्यांना दिसेल असं ओढून बघितलं आणि किल्ली रोहितच्या खिशात घातली. गाडी गोंदिया रोडनं गावाबाहेर गेली आणि पेट्रोलपंपाशी वळून परत आली. रोहितनं बाईंना गेटाशी उतरवलं, हातात काठी दिली. गाडीचं दार उघडं ठेवलं, बॅग आतच. मी किल्ली परत घेऊन कुलूप काढलं आणि घराचं दार उघडलं. गाडी उघडी, घर उघडं, मध्ये बाई.

रोहित गाडीला टेकून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. लिल्हारेकाकूंना मी त्यांच्याच भिंतीकडे वळवलं आणि गप्प राहायला बजावलं. मी स्वतः बाईंच्या लोखंडी खुर्चीवर बसले, दाराकडे तोंड, गेटाकडे पाठ. माझा चेहरा दिसला असता तर बाईंनी तोच वाचला असता, आणि तो माझा निर्णय झाला असता. मला तो नको होता. म्हणजे, हवा होता. पण असा नको होता.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काठीची टक, आणि पाय ओढल्याचा आवाज. आवाज गाडीकडे गेला. पत्र्यावर हात ठेवल्यासारखं वाजलं. मी समोर दाराच्या चौकटीकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, झालं. मी इतके महिने स्टूल ढकलत बसले त्याचं हे असं झालं.

पुन्हा टक. पाय ओढल्याचा आवाज. जवळ येतोय की लांब चाललाय, कळेना. काकू पुटपुटल्या, "हे भगवान." मी त्यांना दटावायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाठीत सणसणीत थाप बसली.

"खो!"

मी उठले. उठले म्हणजे काय, विचार डोक्यात यायच्या आत मी खुर्चीपासून चार हात लांब होते. गुडघे कडाडले. वळून बघितलं, तर बाई माझ्या जागी बसत होत्या. डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून, सावकाश, ओठ घट्ट मिटून. बसल्यावर काठी मांडीवर आडवी घेतली.

रोहित धावत आला. "थकली असंल ताई ती. म्हनून बसली."

बाईंनी काठी उचलून गाडीकडे रोखली. "रोहित," त्या म्हणाल्या. "बॅग."

बॅगेचं काय करायचं, ते काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना ते म्हणताच येत नव्हतं.  रोहित गेला, गाडीतून बॅग काढली, आत नेऊन ठेवली आणि तसबीर पुन्हा खिळ्याला लावली. बाहेर येऊन म्हणाला, "चहा ठेवतो."

"हौ," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या याच घरात राहिल्या. रोहितनं दिवसाची एक बाई ठेवली, रात्री काकूंची सून झोपायला जायची, गोळ्या मी स्वतः पुढे उभी राहून गिळायला लावायची. कुणी म्हणेल की त्या दिवसापासून बाई सुधारल्या असतील. तसं काही झालं नाही. ढकल आणि ओढ यांतला फरक काही टिकला नाही. दोन उन्हाळे मी तेच स्टूल घासलं. गोंदियाची थेरपिस्ट बदली होऊन गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही, मग आम्ही दोघीच. बाईंना नवी नावं येत राहिली, माझ्या मुलीचं, दूधवाल्याचं, गल्लीतल्या कुत्र्याचंही. क्रियापद एकही परत आलं नाही. मला अजूनही वाटतं की लवकर सुरुवात झाली असती, हे "समजते, समजते" ऐकण्यात सुरुवातीचे महिने गेले नसते, तर एखादं आलं असतं. निदान "उठ."

दुसरा झटका थंडीत आला आणि त्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शाळेतल्या पुष्कळ मुली आल्या होत्या, आता केस पांढरे झालेल्या. एकीनं माइकवर बाईंच्या वक्तृत्वाची स्तुती केली. मी उठून चहाचं बघायला गेले.

चित्रांचा गठ्ठा माझ्या दुकानात काउंटरच्या खणात आहे. घरात कुणाला झटका आलेला असतो, गोळ्या न्यायला मुलगा किंवा सून येते आणि म्हणते, "बोलनं गेलं जी, पन समजते सगळं." मी गोळ्या देते आणि गठ्ठाही पुढे सरकवते. "घरी जाऊन हे दाखव. तोंडाकडे बघू देऊ नको. मग सांग मला, समजते का." काही जण चिडतात. काही गठ्ठा परत आणून देतात आणि विचारतात, आता काय करायचं. मग मी त्यांना स्टुलाचं सांगते.

परवा मी दुकानात खाली वाकून खोकी लावत होते. मुलगी मागून आली आणि काहीतरी विचारायला तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ताडकन उठले आणि काउंटरपर्यंत गेलेसुद्धा. ती घाबरली. "आई, क्या हुआ? काय झालं?"

फाउलच होता. खो म्हटलंच नव्हतं. मी गुडघा चोळत तिला माझं स्टूल दाखवलं.

"बस," म्हटलं.